हाजी हबीबुल्लाहने आणलेला बाजा

अब्दुल कादिर बदायुनी हा सहजासहजी खूश होणारा माणूस नव्हता. अकबराच्या पदरी राहून त्याने गुपचूप ‘मुन्तखब-उत-तवारीख’ लिहिली आणि बादशहाच्या नव्या धर्मविचारांवर जागा मिळेल तिथे कोरडे ओढले. ग्रंथ लोकांसमोर आला तो अकबर गेल्यावर. विचाराने कट्टर, जिभेने खवचट, पण डोळे उघडे ठेवणारा. या बदायुनीने हिजरी ९८८ च्या, म्हणजे इ.स. १५८० च्या सुमाराच्या हकिकतीत एका वस्तूचं वर्णन केलंय. माणसाच्या उंचीची एक मोठी पेटी. एक फिरंगी आत बसून तारा छेडतो. आणखी दोघे बाहेरून मोराच्या पाच पंखांवर बोटं ठेवत राहतात आणि तऱ्हेतऱ्हेचे आवाज निघतात. बादशहाला ते इतकं आवडलं की लाल-पिवळ्या रंगातले फिरंगी पुन्हा पुन्हा येत राहिले. जमलेले लोक चकित झाले. बदायुनी या वस्तूला सृष्टीतल्या नवलांपैकी एक म्हणतो आणि शेवटी सांगतो की तिचं वर्णन करायला शब्द पुरत नाहीत.

एवढा तिखट माणूस, आणि इथे एकही टोमणा नाही.

ही वस्तू म्हणजे ऑर्गन. आज आपण ज्याला चर्चचं वाद्य म्हणतो तो, नळ्यांचा. त्यात तारा नसतात. पण पहिल्यांदाच असलं काही बघणाऱ्या काळात आवाज कुठून येतो ते कसं कळणार? मोराचे पंख म्हणजे बहुधा घड्यांचे भाते असावेत, असं मला वाटतं. भाता उघडताना त्याच्या घड्या पिसाऱ्यासारख्याच पसरतात. ज्याने पेटी उघडून वाजवताना कुणाला पाहिलंय त्याला हे पटेल.

हा ऑर्गन फतेहपूर सिक्रीला आला तो आपल्या बाजूने, गोव्याहून. आणि आणणारा होता हाजी हबीबुल्लाह.

अबुल फजलने ‘अकबरनामा’त ही हकिकत दिली आहे. १५७५ साली अकबराने हबीबुल्लाहला गोव्याला पाठवलं. सोबत भरपूर पैसा दिला आणि कारागीर दिले. नुसत्या वस्तू विकत आणायच्या नव्हत्या, तिथले हुन्नर शिकून यायचे होते. मला या सगळ्यात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. १५७७ मध्ये ही मंडळी परतली, ती थाटात. बरोबर फिरंगी पोशाखातली माणसं, त्यांचे नगारे, त्यांची तुताऱ्यांसारखी वाद्यं. तिकडच्या वादकांनी आपापली वाद्यं वाजवून दाखवली आणि त्यांत अबुल फजल खास नाव घेतो ते ऑर्गनचं.

म्हणजे रोदोल्फो आक्वाविवा आणि त्याचे जेझुइट सोबती फेब्रुवारी १५८० मध्ये सिक्रीला पोचले, त्याच्या सुमारे तीन वर्षं आधी हे वाद्य तिथे पोचलं होतं. पाद्री मागाहून आले. बाजा आधी आला, आणि तो एका हाजीने आणला.

हे लिहिताना मला त्या काळाला गुळगुळीत करायचं नाही. ज्या गोव्यातून हबीबुल्लाह ऑर्गन घेऊन आला त्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होतं. आणि हजला जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांकडून परवाना घ्यावा लागे. कार्ताझ म्हणत त्याला. त्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रं असत. असला कागद जवळ बाळगून हजला जावं का, यावर दरबारात वाद झाले. खुष्कीचा रस्ता शिया इराणमधून, समुद्राचा रस्ता चित्रांच्या परवान्यावर, तेव्हा सध्या हज फर्ज नाही, असा फतवाच मखदूम-उल-मुल्कने दिला. हेही आपल्याला सांगतो तो बदायुनीच. हबीबुल्लाहच्या नावामागे हाजी लागलेलं आहे. ज्यांच्या परवान्यावर इतका वाद, त्यांच्याच शहरातून तो दोन वर्षांनी वाद्य घेऊन आला. त्याला काय वाटलं असेल ते त्याने लिहून ठेवलेलं नाही.

मला या हबीबुल्लाहचा शोध घ्यावासा वाटला त्याला एक साधं कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे एका देणगीदाराने पेटी दिली. साधी हार्मोनियम. सकाळचा तराना, स्वातंत्र्यदिन, आंतरशालेय गीतगायन, एवढ्याचसाठी. आठवड्याभरात दोन पालक भेटायला आले. वेगवेगळे, एकमेकांना न सांगता. एक म्हणाले, “टीचर, ये तो गिरजे का बाजा है.” दुसरे म्हणाले, “भजनाला वाजते ती पेटी ना ही? आपल्या पोरांना कशाला?” मुख्याध्यापकांना भांडण नको होतं. पेटी कपाटात गेली आणि किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये.

संगीत जायज की नाजायज हा वाद सोडवायला मी बसलेली नाही. तो वाद जुना आहे, आलिमांमध्येही मतं वेगवेगळी आहेत आणि ज्या घरात वाद्य वाजत नाही त्या घराचा मी मान राखते. माझ्या नानीच्या घरी वाजत नसे. श्रद्धेने एखादी गोष्ट सोडणं मला समजतं. पण त्या दोघा पालकांनी श्रद्धेचं नाव काढलंच नाही. त्यांचं म्हणणं होतं, हे आपलं नाही. आणि हे म्हणणं श्रद्धेचं नसतं, इतिहासाचं असतं. ते तपासता येतं.

तर शब्दापासून सुरुवात करू, कारण उर्दू शिकवते म्हणून तीच माझी वाट. फारसीत आणि उर्दूत ऑर्गनला अरगनून म्हणतात. मूळ यूनानी ओर्गानोन, म्हणजे साधन, हत्यार. अरबांनी ते उर्गनून केलं, फारसीने उचललं, तिथून ते आपल्या शायरीत आलं. ऑर्गन आणि अरगनून हे सख्खे भाऊ. एक विलायतेहून बोटीने आला, दुसरा बगदाद-इराणच्या खुष्कीच्या वाटेने.

वाद्याचा जन्म अलेक्झांड्रियाचा, म्हणजे मिसरचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकात क्तेसिबियोस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबाने हवा स्थिर ठेवून नळ्या वाजवायची युक्ती काढली. रोमनांनी तो बाजा आखाड्यात नेला. लिबियात झ्लिटेन इथे सापडलेल्या रोमन फरशीचित्रात ग्लॅडिएटर लढताहेत आणि शेजारी ऑर्गन वाजतोय. सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मगुरूंना अशी वाद्यं नकोशी होती याचं नवल नाही. त्यांना तो तमाशाचा बाजा वाटला असणार. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही उपासना नुसत्या गळ्याने होते, वाद्याशिवाय.

नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा हे तीन भाऊ होते, मुहम्मद, अहमद आणि हसन. बैतुल हिकमतच्या वर्तुळातली माणसं. त्यांचं ‘किताबुल हियल’ म्हणजे यांत्रिक करामतींचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांनीच आपोआप वाजणाऱ्या वाद्यावर स्वतंत्र लिखाण केलं: पाण्याने हवा ढकलायची, खुंट्या लावलेला दंडगोल फिरवायचा आणि त्या खुंट्यांनी बासरीची भोकं उघडझाप करायची. म्हणजे सूर आधीच ‘लिहून’ ठेवायचे आणि यंत्राने ते वाजवायचे. संगणकाचा इतिहास लिहिणारे आज या दंडगोलाचं नाव आदराने घेतात.

पश्चिम युरोपात याच्या आधी, ७५७ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला होता. तोही दरबारी भेट म्हणून, चर्चसाठी नव्हे. चर्चमध्ये तो रुजला तो पुढच्या काही शतकांत. तिथेही सगळ्यांनी ‘हे आपलं’ म्हणून कवटाळलं असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला झ्विंग्लीच्या सुधारणेच्या लाटेत १५२७ साली मुख्य चर्चचा ऑर्गन मोडून टाकला आणि त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षं तिथे ऑर्गन नव्हता. आमच्या त्या दोन पालकांना हे सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, कोण जाणे.

गोव्यातला ऑर्गन मी प्रत्यक्ष पाहिला तो कुटुंबाच्या सहलीत. पनवेलकरांना गोवा तसा सोयीचा. सकाळी मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलं की संध्याकाळी करमळी, तिथून जुनं गोवं अगदी जवळ. सगळे बॉम जेझुसच्या रांगेत उभे होते, मी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये गेले. तिथे वर, पुढे आलेल्या सज्जात, अठराव्या शतकातला ऑर्गन आहे. हबीबुल्लाहने नेला त्याच्या कितीतरी नंतरचा. हबीबुल्लाह गोव्यात होता तेव्हा हे चर्चच बांधून व्हायचं होतं. काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ पर्यंत चाललं. मी खाली उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघत होते. माझी मुलगी म्हणाली, “अम्मी, वाजवत का नाहीत?” त्या वेळी तिथे वाजवणारं कुणी नव्हतं.

तिला मी पेटीच्याच भाषेत समजावलं. भाता हवा भरतो, ती एका बंद खोक्यात दाबून ठेवलेली असते, पट्टी दाबली की एक झडप उघडते आणि हवा वर जाते. इथपर्यंत पेटी आणि ऑर्गन एकच. पेटीत ती हवा पितळेच्या पातळ जिभेला थरथरवते, तो आपला सूर. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये ती नळीत शिरते आणि शीळ घातल्यासारखी वाजते. प्रत्येक सुराला वेगळी नळी. खर्जासाठी आठ फूट, सोळा फूट उंच, तार सप्तकासाठी पेन्सिलीएवढी. काही लाकडाच्या, काही कथील आणि शिशाच्या मिश्रणाच्या. आता अशा शेकडो नळ्या, कातडी भाते, लाकडी झडपा कोकणच्या पावसाळ्यात सांभाळायच्या म्हणजे काय ते पनवेलमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. लाकूड फुगतं, कातडं सैल होतं, वाळवी लागते, उंदीर लागतात. मोठा ऑर्गन परवडणारी चर्चं थोडी. बाकीच्यांनी पुढे जिभेच्या सुरांचा छोटा बाजा घेतला.

अकबराच्या चित्रशाळेवरही या वाद्याने छाप सोडली. गंजाचा निजामी हा बाराव्या शतकातला फारसी कवी. त्याच्या ‘खम्सा’तल्या सिकंदरच्या भागात एक गोष्ट आहे. अरस्तू फुशारकी मारतो की माझ्याएवढा शहाणा कुणी नाही. अफलातून काही बोलत नाही, निघून जातो, एकांतात बसून एक वाद्य घडवतो. ते वाजवलं की रानातले प्राणी गोळा होतात आणि गाढ झोपी जातात. दुसरी धून वाजवली की उठतात. अरस्तूही हे शिकतो, पण त्याला प्राणी झोपवता येतात, उठवता येत नाहीत. शेवटी उस्तादाकडे जावंच लागतं. (शिक्षक म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. वर्ग झोपवणं सोपं असतं.)

१५९५ च्या सुमारास अकबरासाठी या खम्साची सचित्र प्रत तयार झाली. ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातलं हे चित्र मधु खानाजाद या चित्रकाराचं आहे. निजामीच्या काळात फिरंगी ऑर्गन कुठून असणार? पण मधुने अफलातूनच्या हातात चक्क युरोपी नळ्यांचा ऑर्गन दिला. त्याच्या लाकडी अंगावर युरोपी पद्धतीची चित्रंसुद्धा काढली. आजूबाजूला वाघ, हरणं, सगळे निपचित पडलेले. यूनानी हकीम, इराणी कवी, गोव्याच्या बाजूचं वाद्य, हिंदुस्थानी चित्रकार, आणि सगळं एका पानावर. मधुला ऑर्गन ‘त्यांचा’ वाटला असता तर त्याने तो अफलातूनला दिला नसता.

त्यानंतर चारच वर्षांनी, १५९९ मध्ये, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने उस्मानी सुलतान मेहमद तिसरा याला ऑर्गन पाठवला. तो बनवणारा टॉमस डॅलम स्वतः सोबत गेला. प्रवासात उन्हाने सरस वितळून सांधे सुटले, ते त्याने इस्तंबूलला बसून पुन्हा जुळवले. बाजा आपोआप वाजे, वर झुडपात बसवलेले पक्षी पंख हलवत आणि गात. सुलतानाने डॅलमला हातानेही वाजवायला लावलं आणि स्वतः इतका जवळ येऊन बसला की डॅलमचा जीव घाबरा झाला. सुलतानाकडे पाठ करून बसायची कुणाची हिंमत! हे त्याच्याच रोजनिशीत आहे. आणि टिपू सुलतानचा वाघ तर तुम्हाला माहीतच असेल. गोऱ्या सोजिराला खाली दाबणारा तो लाकडी वाघ. त्याच्या कुशीतलं झाकण उघडलं की आत अठरा सुरांचा छोटा नळ्यांचा ऑर्गन आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, वाघ लंडनला गेला, तो आजही तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता पेटीकडे. १८४२ मध्ये पॅरिसच्या देबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनरी, साहेब, व्यापारी यांच्याबरोबर ती इकडे आली. तिला पायाने भाता मारावा लागे. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये द्वारकिन कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी बनवली. खुर्ची गेली, मांडी आली. त्या क्षणापासून ती इथली झाली, असं माझं मत आहे.

मराठी रंगभूमीने मात्र पायाचा ऑर्गनही सोडला नाही. अमेरिकी पद्धतीच्या या ऑर्गनमध्ये हवा बाहेर न फेकता आत ओढली जाते, त्यामुळे सूर जरा मऊ येतो. दोन्ही हात मोकळे राहतात ते वेगळंच. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत हा ऑर्गन वाजत असे. आणि त्याच्या साथीला कोण? तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. माझ्या अब्बांना नाट्यगीतं तोंडपाठ होती. रेडिओवर बालगंधर्व लागले की ते अम्मीला हाताने गप्प करत आणि म्हणत, “तबला ऐक, तिरखवाँसाहेब आहेत.” कोकणी बोलणारं आमचं घर, नमाजाचे वक्त सांभाळणारे अब्बा, आणि संध्याकाळी रेडिओवर ‘मानापमान’. यात काही विसंगत आहे असं आम्हा भावंडांना कधी वाटलं नाही, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

गंमत पुढे आहे. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण? ती परकी. तिचे सूर ठोकळ, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. रवींद्रनाथ ठाकूरांनाही ती खपत नसे. तक्रारीत तथ्य होतंच. ज्याने सारंगीवरची मींड ऐकली आहे तो ते नाकारणार नाही. पण सुमारे तीस वर्षं ही बंदी चालली आणि त्या तीस वर्षांत भजनी मंडळ, कव्वालीची पार्टी, तमाशाचा फड, चर्च, यांपैकी कुणीही पेटी खाली ठेवली नाही. रेडिओला ती विलायती वाटत होती, आमच्या एका पालकाला गिरजाघराची आणि दुसऱ्याला भजनाची. कव्वाली ऐकताना पेटी कुणाची हे मात्र दोघांनीही विचारलं नसतं.

गेल्या वर्षी त्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी फोन केला. नवे मुख्याध्यापक आले आहेत, मराठी समूहगीतासाठी पेटी काढायची म्हणतात, कुणी दुरुस्त करणारा माहीत आहे का? मी पनवेलमधल्याच एकाचा पत्ता दिला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःही गेले. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, एकेक पट्टी दाबून बघितली. चार पावसाळे बंद कपाटात काढलेली पेटी. तीन सूर गंजलेत, ते बदलावे लागतील, म्हणाला. दोन पट्ट्या फुगून अडकतायत, त्या घासायच्या. भात्याचं कापड उंदराने कुरतडलंय, ते नवं. पैसे सांगितले, ते फार नव्हते. मी विचारलं, कधी मिळेल? तो म्हणाला, “गणपतीची कामं आहेत बाई, मग ईद-ए-मिलादची. त्यानंतर या.”